पोट फुगलंय की पोटात पाणी झालंय? एग डोनेशननंतरचे पहिले आठ-दहा दिवस

"ताई, पोट फुगून राहिलं नं. घरी ॲसिडिटी आहे म्हणून सांगितलं. ओवा खाल्ला तर चालते का?"

नागपूरच्या धंतोलीत आयव्हीएफची, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराची, नर्स म्हणून काम करताना असे फोन इतके घेतलेत, की ओव्याचं नाव निघालं की मी आधी विचारते, "पिकअपला किती दिवस झाले?" पिकअप म्हणजे अंडाशयातून बीजं काढणं. भूल देऊन, सोनोग्राफीत बघत, योनीमार्गातून सुई घालून १५-२० मिनिटांत होतं. टाका नाही, पोटावर खूण नाही, संध्याकाळी बाई घरी. पुष्कळ डोनरनी, म्हणजे दुसरीला मूल व्हावं म्हणून बीजं देणाऱ्यांनी, घरात कुणाला सांगितलेलं नसतं. त्यामुळे पोट फुगलं की नाव ॲसिडिटीचं.

पण ॲसिडिटी बाजूला ठेवली, तरी ते फुगणं दोन वेगळ्या जातींचं असतं, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

पहिली साधी फुगी. एरवी अंडाशय बदामापेक्षा फार मोठं नसतं. दहा-बारा दिवस बीजं वाढवायची इंजेक्शनं घेतल्यावर त्यात एकाच वेळी बरेच फॉलिकल, म्हणजे बीज वाढतं त्या पाण्याच्या पिशव्या, वाढतात, एकेक १८-२० मिलीमीटरचं. अंडाशय छोट्या संत्र्याएवढं होतं. पिकअपमध्ये बीज निघतं, पण अंडाशय लगेच आकसत नाही. म्हणून सलवारची नाडी सैल बांधावी लागते, पाळीसारख्या कळा येतात, एक-दोन दिवस थोडा डाग दिसतो. सगळ्यात जास्त त्रास पहिल्या-दुसऱ्या दिवशी, मग रोज थोडा कमी. पाळी आली की बहुतेक सगळं जागेवर.

दुसरी जात ओएचएसएस, म्हणजे अंडाशयांनी औषधाला गरजेपेक्षा जास्त दाद देणं. इथे नुसती अंडाशयं मोठी होत नाहीत. त्यांच्यातून अशी द्रव्यं सुटतात की अंगभरच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, उन्हाळ्यात माठ पाझरतो तशा. रक्तातलं पाणी पोटाच्या पोकळीत उतरतं, जास्त झालं तर फुप्फुसांभोवतीही. पोटात पाणी साचतं आणि रक्त मात्र दाट होतं. लघवी कमी होते, दम लागतो, आणि दाट रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. सौम्य ओएचएसएस दुर्मीळ नाही, आयव्हीएफच्या तीनातल्या एका फेरीपर्यंत ते दिसू शकतं. भरती करावं लागेल असं तीव्र रूप त्या मानानं फार कमी.

मग ओळखायचं कसं? दुखण्यावरून ओळखू नका. साधी फुगी पहिल्या दिवशी चांगलीच दुखू शकते, आणि ओएचएसएसवाली "काल तर मी बरी होती" म्हणत चौथ्या दिवशी फोन करते. बघायचं ते एवढंच की त्रास उतरतोय की चढतोय. त्यासाठी मी दोन वस्तू सांगते: वजनकाटा आणि शिंप्याची टेप. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी वजन. बेंबीवरून पोटाचा घेर. एका दिवसात किलोभर वजन चढलं तर ते जेवणाचं नाही, पाण्याचं. त्याच दिवशी डॉक्टर.

नागपुरात याला एक खास फाटा फुटतो. मे महिन्यात पारा ४५ला टेकला की सगळ्यांचीच लघवी कमी आणि पिवळी होते. एकीनं मला तसंच सांगितलं होतं, "ऊन लागलं असन." पण उन्हानं अंगातलं पाणी बाहेर जातं, वजन घटतं. ओएचएसएसमध्ये पाणी अंगातच राहतं, फक्त भलत्या जागी, म्हणून लघवी कमी होऊनही काटा वर चढतो. तिचं पिकअपच्या सकाळी ५२ होतं, पाचव्या दिवशी ५४.

"पोटात पाणी झालंय, तर पाणी कमी पी" हा सासूबाईंचा सल्ला उलटा आहे. रक्त आधीच दाट झालेलं असतं, तहानेप्रमाणे प्यायचंच. दुखलं तर पॅरासिटामॉल. मेडिकलवाल्यानं दिलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी नको, तेव्हा किडनीवर आधीच ताण असतो.

आता डोनरच्या बाजूच्या गोष्टी. ओएचएसएस लांबतं ते मुख्यतः गर्भधारणेमुळे. गर्भातून येणारं एचसीजी हार्मोन अंडाशयांना चाबूक मारत राहतं. डोनरच्या पोटात गर्भ सोडत नाहीत, त्यामुळे तिचा त्रास सहसा पाळीपर्यंत आटोपतो. अट एकच: पाळी येईपर्यंत संबंध नकोत. एखादं बीज सुईतून निसटलेलं असू शकतं, आणि मग गर्भही राहील आणि त्रासही. दुसरं, पिकअपच्या साधारण ३६ तास आधी बीजं पिकवायला जे ट्रिगर इंजेक्शन देतात, तेही एचसीजीचं असेल तर आठवडाभर रक्तात रेंगाळतं. त्याऐवजी ॲगोनिस्ट नावाच्या दुसऱ्या औषधाचा ट्रिगर दिला तर शरीराच्या स्वतःच्या हार्मोनची लाट येते आणि ओसरते, धोका पुष्कळच घटतो. वय कमी, अंगानं बारीक, पीसीओएस (अंडाशयात बारीक फॉलिकल जास्त असण्याचा त्रास) असलेली डोनर असेल तर हा प्रश्न आधीच विचारावा. लाजू नये.

आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या २०२१च्या एआरटी कायद्यानं डोनरचं वय २३ ते ३५ ठरवलं, आयुष्यात एकदाच दान आणि सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत असं सांगितलं, विम्याचीही सोय ठेवली. चांगलंच आहे. पण सातचा आकडा वाचून कुणी निर्धास्त होत असेल तर माझं म्हणणं ऐका: कायदा काढलेली बीजं मोजतो, वाढलेली फॉलिकल नाही. फुगणं वाढलेल्यांवर ठरतं, म्हणून डोसच हलका हवा. (बीजं दिल्यानं पाळी लवकर जाते का, असंही विचारतात. नाही, जात नाही. त्या महिन्यात एरवी विरून गेली असती तीच बीजं वाढवलेली असतात.)

साधी फुगी आणि ओएचएसएस, या दोन्हींत न बसणारं एक दुखणं आहे. मोठं झालेलं अंडाशय स्वतःभोवती पीळ खातं. अचानक, एकाच बाजूला, घाम फुटेल अशी कळ आणि उलट्या. तिथे काटा-टेप काही बघायचं नाही, थेट दवाखाना. म्हणूनच पाळीपर्यंत धावणं, उड्या, पाण्याचे गुंड उचलणं बंद. ताप १००.४च्या वर गेला किंवा पाळीपेक्षा जास्त रक्त गेलं तरी थेट दवाखाना.

५४ किलोवालीला मी म्हटलं, "ओवा राहू दे, ऑटो पकड." पण रात्रीच्या कॅज्युअल्टीत तिनं पुन्हा गॅसच सांगितला आणि गॅसचंच इंजेक्शन घेऊन घरी आली. डॉक्टरचा दोष कमी. त्याला कळणार कुठून? दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीत पाणी दिसलं, रक्त दाट निघालं, तीन दिवस भरती. तेव्हापासून मी प्रत्येकीच्या पर्समध्ये एक चिठ्ठी घालते: पिकअपची तारीख, ट्रिगरचं नाव, पिकअपच्या सकाळचं वजन. तोंडानं सांगवत नसेल तर चिठ्ठी पुढे करायची.