शॅल-विलचा घोळ आणि बारा काळांचा तक्ता : पार्श्वभूमी

काळ म्हणजे काय हे सगळ्यांना माहितीये, ते सोडून देतो. जुन्या इंग्रजीत क्रियापदाचं रूप बदलायचं ते दोनच काळांसाठी, वर्तमान आणि भूत. भविष्याला आपल्या 'करीन, करशील'सारखं वेगळं रूप तेव्हाही नव्हतं, आजही नाही, म्हणून शॅल (मूळ अर्थ देणं लागणं) आणि विल (इच्छा असणं) यांना कामाला जुंपलं. कॅन, मे, शॅल, मस्ट ही तर मुळात भूतकाळी रूपं, ती वर्तमानात वापरायला लागले, म्हणूनच, बाकीच्या भूतकाळी रूपांसारखंच, 'ही कॅन'ला एस लागत नाही. हे कारण आम्हाला वर्गात कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण असो.

खरा घोळ पुढचाय. 1653 मध्ये लॅटिनमधून लिहिलेल्या एका इंग्रजी व्याकरणात नियम आला की आय आणि वी असेल तर शॅल, बाकीच्यांना विल, तर ते साधं भविष्य. आणि उलटं केलं (आय विल, यू शॅल) की निश्चय, नाहीतर हुकूम, धमकी. नंतरच्यांनी तो घोटून घोटून पक्का केला. त्यावर एक जुना जोकच आहे, बुडणारा माणूस ओरडतो, 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी', आणि काठावरचे व्याकरणवाले म्हणतात, याला बुडायचंच दिसतंय की. स्कॉटलंड-आयर्लंडकडं तसं कुणी बोलत नव्हतं, अमेरिकेतही नाही.

तरी नव्वदच्या दशकात सोलापुरात आम्ही काय पाठ करत होतो? नव्या पेठेतनं आणलेल्या गाईडात तीन काळ गुणिले चार प्रकार, साधा, चालू, पूर्ण, चालू पूर्ण, असा बारा खणांचा तक्ता, आणि भविष्याच्या खणात आय शॅल, यू विल. आय विल लिहिलं की मार्क कट. आता आपली हुतात्मा एक्सप्रेस, सोलापूर-पुणे रेल्वेगाडी, घ्या. 'द हुतात्मा लीव्ज टुमॉरो मॉर्निंग', गोष्ट उद्याची पण क्रियापद साध्या वर्तमानात. 'आय ॲम गोइंग टु पुणे टुमॉरो' चालू वर्तमानात. ही दोन्ही एकदम बरोबर वाक्यं तक्त्यातल्या भविष्याच्या खणात बसतच नाहीत, आणि माझ्या मते तो तक्ता मुलांना मदत कमी, भीती जास्त देतो.

2000 पासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं, आधी आमच्या वेळी पाचवीपासून होतं. बोर्डाच्या पेपरात आता मोडल ऑक्झिलरी (कॅन, मे, मस्टसारखं सहाय्यक क्रियापद) कशासाठी वापरलंय, सक्ती की शक्यता की परवानगी, असं विचारतात, हे त्यातल्या त्यात बरंय. शॅल बोलण्यातनं जवळपास गेलं, 'शॅल वी गो?' एवढं राहिलं. कायद्यात आणि टेंडरच्या अटींत मात्र शॅल म्हणजे साधारण बंधनकारक, आणि एखाद्या कलमातलं मे हे शॅल म्हणून वाचायचं का, यावर आपल्याकडच्या कोर्टांत अजून वाद चालतात.