प्रोजेस्टेरॉन म्हणजे नुसता ब्रेक नव्हे

धरमपेठेतल्या टपरीवर तर्री-पोहे खाताना झूऑलॉजीची पोरं परीक्षेचं घोकत होती: ‘प्रोजेस्टेरॉन वाढलं की एलएच दबतं, बीजमोचन थांबतं.’ म्हणजे प्रोजेस्टेरॉन हे अंडाशयातलं हार्मोन वाढलं की बीज सोडायला लावणारं एलएच हे पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन दबतं, नि अंडाशयातून बीज सुटतच नाही. आमच्याही वहीत हेच होतं. अर्धंच खरं आहे ते.

समजाची मुळं सशात सापडतात. 1937 मध्ये प्रोजेस्टेरॉन दिलेल्या सशांत मीलनानंतरचं बीजमोचन थांबलं. (ससा उंदरांच्या गटातला, म्हणजे कृंतक, नाही, हे मात्र घोकताना गळतं.)

पांढऱ्या उंदरिणीचं चक्र चार-पाच दिवसांचं. प्रोइस्ट्रसच्या (बीज सुटण्याच्या आधीच्या टप्प्याच्या) दुपारी एलएचची लाट उसळते, रात्री उशिरा बीज सुटतं. संशोधक जॉन एव्हरेट यांनी 1948 मध्ये पाच दिवसांचं चक्र असलेल्या माद्यांवरचे प्रयोग मांडले. डायस्ट्रसच्या (दोन माजांमधल्या शांत टप्प्याच्या) तिसऱ्या दिवशी प्रोजेस्टेरॉन टोचलं, तर बीजमोचन चक्क एक दिवस आधी झालं. तेच सुरुवातीला टोचलं, तर लांबलं. औषध एकच, दिवस वेगळा!

फरक पडतो तो इस्ट्रोजेन या अंडाशयाच्या दुसऱ्या हार्मोनमुळे. आधी इस्ट्रोजेन चढलं की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधल्या पेशींत प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडणारे रेणू, वाढतात. मग प्रोजेस्टेरॉन एलएचची लाट मोठी करतं. ही तयारी होण्याआधीच आलं, तर तीच लाट अडवतं.

अंडाशयातही त्याचं काम आहेच. 1995 मध्ये हा रिसेप्टरच नसलेल्या उंदरिणी तयार केल्या गेल्या. बाहेरून हार्मोन देऊन त्यांच्या पुटिका (बीज असलेल्या पिशव्या) पिकल्या, पण फुटल्या नाहीत. ब्रेक काढल्यावर गाडी पळायला हवी होती ना? ती जागची हललीच नाही.