आयडल हवा-समायोजन
इंधन-अंतःक्षेपण असलेल्या पेट्रोल मोटारीत पाय ॲक्सिलरेटरवर नसताना इंजिनात जाणारी हवा योग्य प्रमाणात राखण्याची क्रिया. गॅरेजच्या बोलीत ‘रेस सेट करणे’. कार्ब्युरेटरमधील हवा-स्क्रू मिश्रण बदलतो. या नोंदीतील बायपास स्क्रू, म्हणजे थ्रॉटलला (हवेच्या वाटेतील, ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या चकतीला) वळसा घालणाऱ्या मार्गावरचा स्क्रू, फक्त हवा सोडतो आणि तिला पुरेल एवढे इंधन संगणक (ईसीयू) देतो. पाकळीच्या हवामापकावरील (आत येणारी हवा झुलत्या पाकळीने मोजणाऱ्या यंत्रावरील) मिश्रण-स्क्रू मात्र तिसराच, त्याने मिश्रणच बदलते. नावांच्या या सरमिसळीमुळे बरीच इंजिने नाहक बिघडली आहेत.

उगम : या क्रियेचा आरंभ कोठे मानावा, याविषयी मतभेद आहेत. बेंडिक्स कंपनीच्या 1957 मधील इलेक्ट्रोजेक्टरपासून इलेक्ट्रॉनिक अंतःक्षेपणाचा इतिहास सांगण्याची रीत आहे. ती प्रणाली फार थोड्या गाड्यांवर बसली. तिच्या एकस्वांचा आधार घेऊन बॉशने 1967 मध्ये फोक्सवॅगन 1600 साठी डी-जेट्रॉनिक आणली. तीत थ्रॉटलला वळसा घालणारा हवामार्ग, त्यावरील स्क्रू आणि इंजिन थंड असताना जादा हवा सोडणारा पूरक नियंत्रक, अशी तिन्ही अंगे दिसतात. काही लेखक याला खरा आरंभ मानत नाहीत. इंजिनाचे फेरे मोजून संगणकाने बायपासवरील झडप स्वतः हलवणे, म्हणजे साधारणतः 1980 च्या आसपासचा टप्पा, ते आरंभ धरतात. हातातला स्क्रू डी-जेट्रॉनिकच्याच वंशातला असल्याने येथे डी-जेट्रॉनिकला आरंभ मानणारे मत अधिक ग्राह्य वाटते. भारतात मारुती 800 सारख्या गाड्यांवर 2000 च्या सुमारास एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंधन-फवारा देणारी अंतःक्षेपण प्रणाली) आल्यावर हा विषय गावोगावच्या गॅरेजांत पोहोचला.

कार्य : थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली असताना हवा बायपासमधून जाते. तिचा ठरीव भाग स्क्रू सोडतो, कमीजास्त होणारा भाग आयडल झडप सोडते. गरम इंजिनाचे फेरे बहुधा मिनिटाला 750 ते 900 असतात. फेरे संगणकच राखतो. स्क्रूचे काम त्याच्या झडपेला दोन्ही बाजूंना वाव ठेवण्याचे. म्हणून काही इंजिनांत रेडिएटरचा पंखा एकदा फिरून गेल्यावर एसी व दिवे बंद करून, संगणकाला तपासणी-स्थितीत ठेवून, झडप मधल्या पल्ल्यात येईपर्यंत स्क्रू फिरवतात. चकतीचा थांबा-स्क्रू मात्र हलवू नये. तो हलला की थ्रॉटल-संवेदकाचे वाचन सरकते, पाय उचललेला आहे हे संगणकाला कळत नाही आणि रेस खाली येत नाही.

सोलापुरात : शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 460 मीटर उंच आहे, तेथे हवेचा दाब सुमारे पाच टक्क्यांनी कमी असतो. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा आणखी विरळ होते आणि एसीचा भार त्याच वेळी पडतो. सात रस्ता चौकाच्या गर्दीत एसी चालू होताच गाडी थरथरून बंद पडते ती बहुधा अशा वेळी. दोष मात्र सहसा स्क्रूचा नसतो. थ्रॉटल बॉडीवरचा रबरी पाइप काढून चकती बोटाने उघडली की तिच्या कडेला चंद्रकोरीसारखा काळा, चिकट थर दिसतो : क्रँककेसमधून (इंजिनाच्या तळाच्या, तेल असलेल्या भागातून) आलेली तेलाची वाफ आणि रस्त्याची धूळ. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल या चकतीवरून जाई. एमपीएफआयमध्ये ते थेट सिलिंडरच्या झडपांजवळ फवारले जाते, त्यामुळे चकती धुतली जात नाही. आधी हा थर क्लीनरने काढावा, फाटका व्हॅक्यूम पाइप शोधावा, मगच स्क्रू-ड्रायव्हर उचलावा. मळलेल्या थ्रॉटलवर स्क्रू सोडून रेस बसवली, तर पुढे सफाई होताच हवा जास्त होते, फेरे चढतात. पाय वर असल्याने संगणक इंधन तोडतो, फेरे पडले की पुन्हा देतो. इंजिन असे वरखाली होत राहते, त्याला ‘हंटिंग’ म्हणतात.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाड्यांत बायपास व स्क्रू सहसा नसतो. संगणक चकतीच किंचित उघडतो. सफाईनंतर बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावून त्याला नवी मूळ स्थिती शिकवावी लागते.