उन्हाले काय भ्यायचं?

माझा मामेभाऊ चिपळूणचा. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरला आमच्याकडे आला, भर दुपारी गच्चीवर गेला आणि दोन मिनिटांत खाली पळाला. "इथे माणसं राहतात कशी?" आई पन्ह्यासाठी कैऱ्यांचा गर काढत होती. मान वर न करता म्हणाली, "उन्हाले काय भ्यायचं? भ्यायचं तं पाण्याले भ्यावं." तिच्या डोक्यात 22 जुलै 2021 होता. त्या दिवशी वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि आमचा जीव टांगणीला लागला, याचा फोनच लागेना. तो मात्र वाशिष्ठीबद्दल बोलताना घरातल्या तापट माणसाबद्दल बोलावं तसा बोलतो. आमचं उन्हाशी तेच नातं आहे.

दुसऱ्या दिवशी 26 तारीख होती. मी त्याला बळंच परत गच्चीवर नेलं आणि स्टीलचा ग्लास उलटा ठेवला. बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास ग्लासाची सावली आक्रसत आक्रसत त्याच्याच बुडाखाली गेली. शून्य सावलीचा दिवस. नागपूर 21 अंश उत्तर अक्षांशाच्या जरासं वर आहे, आणि मेच्या 26 तारखेच्या आसपास सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो. आपला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, 25 मेच्या सुमारास लागतो. पंचांगवाल्यांचा हिशेब रोहिणी नक्षत्राचा, पण नागपूरकरांना तो सूर्याच्याही हिशेबाने चपखल बसतो.

अर्थात डोक्यावरचा सूर्य हे अर्धंच कारण. जुलैच्या मध्याला सूर्य पुन्हा असाच डोक्यावर येतो, पण तेव्हा पारा 45 वर जात नाही. फरक पाण्याचा. दुपारी एक चौरस मीटर जमिनीवर साधारण 1,000 वॅट ऊर्जा पडते. जमीन ओली असेल तर त्यातली बरीच पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. मेमध्ये इथली माती वीतभर खोल कोरडीठाक असते, मग सगळी ऊर्जा दगड, माती आणि हवा तापवायला मोकळी. दोन्ही समुद्र पाचशे किलोमीटरपेक्षा लांब, त्यामुळे चिपळूणसारखे खारे वारे येऊन दिलासा देत नाहीत. येते ती वायव्येकडची कोरडी लू.

आकड्यांच्या बाबतीत मात्र जरा सांभाळून. 30 मे 2024 ला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. हवामान खात्याने तपासलं तर सेन्सर बिघडलेला. इथल्याच सोनेगावच्या वेधशाळेत मे 2013 मध्ये 47.9 नोंदले गेले होते, आणि तेवढे पुरे आहेत. त्याहून जास्त मिरवायची हौस कशाला?

ही कोरडी हवाच आपल्याला तारते. एक लिटर पाणी वाफ होताना भोवतालची साधारण 2,400 किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. कूलरच्या ताट्यांमध्ये हेच चालतं, आणि आपल्या कातडीवरही. हवा 45 अंशांवर आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर तापमापकाला गुंडाळलेलं ओलं फडकं साधारण 24 अंशांपर्यंत थंड होतं. कूलर जास्तीत जास्त तिथवर नेऊ शकतो. जूनमध्ये पहिली सर येऊन गेल्यावर पारा 38 वर उतरतो, पण आर्द्रता 55 टक्क्यांवर जाते. आता तेच फडकं 30 च्या खाली जात नाही. म्हणून मेमध्ये गोधडी घ्यायला लावणारा कूलर जूनमध्ये नुसती चिकचिक करतो, आणि लोक उगाच मोटरला शिव्या घालतात. या सुखातही एक दगा आहे. कोरड्या हवेत घाम फुटताक्षणी उडून जातो. अंग कोरडं राहतं, "मला तर घामच येत नाही" असं वाटतं, आणि तोवर पाणी आणि मीठ दोन्ही गेलेलं असतं. (कूलर सुरू ठेवून त्यात पाणी भरू नये हेही सांगून टाकतो, विजेचा धक्का बसून माणसं गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचतो.)

भावाला काटोलकडे संत्र्याची बाग दाखवायला नेलं तर त्याला झाडांची दया आली. पानं मलूल, आळ्यात पाण्याचा थेंब नाही. "पाणी तोडलंय यांनी?" हो, मुद्दाम. याला ताण देणं म्हणतात. तहानलेलं झाड नवी पालवी काढायचं थांबवतं, अन्न फांद्यांत साठवतं आणि फुलकळ्या धरायची तयारी करतं. मग मृगाचा पाऊस आला की सगळी बाग एकदम पांढरी होते आणि वास बांधापलीकडे जातो. हाच मृग बहार. माती भारी असली तर ताण बसायला जास्त दिवस लागतात, कारण ती ओल लवकर सोडत नाही. ज्या उन्हाला भाऊ शिव्या देत होता, त्याच्याशिवाय फेब्रुवारी-मार्चमधलं संत्रं नाही. त्याच महिन्यांत गारपीट होते आणि तयार फळ गळून जातं, हा वेगळाच छळ.

ही भारी माती आली कुठून? सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यांचा काळा बेसाल्ट झाला, आणि तो कुजून काळी माती झाली. त्या लाव्हाची पूर्वेकडची कड आपल्या शहरातूनच जाते. सीताबर्डीची टेकडी काळ्या दगडाची, आणि पूर्वेला निघालं की त्याहून कितीतरी जुने खडक लागतात. पश्चिमेला कापूस-संत्री, पूर्वेला भंडाऱ्याकडे धान, यात पावसाइतकाच या कडेचाही हात आहे.

काळ्या मातीतली खनिजं पत्त्यांच्या जोडासारखी असतात. पानांमध्ये पाणी शिरलं की फुगतात, गेलं की आकसतात. आमचा ओटा आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये दर मेमध्ये एक भेग उघडते. भावाने खिशातून रुपयाचं नाणं काढून त्यात उभं सरकवलं. अर्धं आत गेलं. "राहू दे इथेच," म्हणाला.

या दगडांचं वेड लागलं होतं ते स्टीफन हिस्लॉप यांना, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते. स्कॉटलंडहून आलेले मिशनरी. टाकळीजवळ लाव्हाच्या दोन थरांमध्ये त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे जीवाश्म सापडले, म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या काळात इथे तळी होती. सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून ते रात्री घोड्यावरून परतत होते. वाटेतल्या ओढ्याला पूर आला होता. त्यातच ते बुडाले.

आई "पाण्याले भ्यावं" म्हणते तेव्हा ते पाणी कोकणातलं असतं. पण 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे चार तासांत 106 मिलिमीटर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि शहराला नाव देणारी नाग नदी लोकांच्या घरात शिरली. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. एका चौरस किलोमीटरवर 10 कोटी 60 लाख लिटर झाले. मेमध्ये भेगांतून घटाघटा पाणी पिणारी माती सप्टेंबरपर्यंत फुगून गच्च झालेली असते. उरलेल्या जागेवर आपण सिमेंट ओतलेलं. पाणी जाणार कुठे?

परवा ऑगस्टमध्ये भावाचा फोन आला. त्याच्याकडे वाशिष्ठी चढत होती, तो नेहमीसारखा निवांत. पुलाखाली पाणी कुठवर आलंय ते त्याने सांगितलं, मग विचारलं, "माझं नाणं आहे का रे?" मी ओट्यावर जाऊन पाहिलं. आहे. पण भिंतीने असं चावून धरलंय की पक्कड लावूनही हललं नाही.