हरणांच्या शिकारीतील काडतुसांची निवड (ठाणे परिसर)

मोठ्या व्यासाच्या रायफलीने सांबर, चितळ, भेकर यांची शिकार करताना गोळीचे वजन, तिची रचना व दारूचा भार ठरवण्याची जुनी शिकारी पद्धत. येऊरचे डोंगर, तानसा खोरे आणि शहापूर-मुरबाडची राने हे या परिसरातील सांबराचे प्रमुख अधिवास. पिसोरी (सशाएवढा, हरणासारखा दिसणारा प्राणी) व चौशिंगा (चार शिंगांचा कुरंग) ही प्राणिशास्त्राच्या दृष्टीने खरी हरणे नव्हेत. शिकारी मात्र त्यांना याच गटात धरत. भारतात ही शिकार आता बेकायदेशीर असल्याने प्रस्तुत नोंदीचे स्वरूप ऐतिहासिक आहे.

निवडीचा पाया जनावराचे वजन हा असे. पूर्ण वाढलेला सांबर नर २०० किग्रॅ.च्या पुढे जातो, चितळ नर साधारण ७० ते ८५ किग्रॅ.चा असतो, तर भेकर २५ किग्रॅ.च्या आसपास भरते. एकाच गोळीने तिघांचे काम भागत नाही. सांबरासाठी योग्य असलेली गोळी भेकराचे मांस नासवते.

रायफलीच्या नळीच्या व्यासांच्या बाबतीत भारतात एक वेगळीच अडचण उभी राहिली. रिग्बी कंपनीने १८९८ मध्ये आणलेले ०.४५० इंची नायट्रो एक्स्प्रेस (धूरहीन दारूचे जोरदार) काडतूस लोकप्रिय होत असतानाच ब्रिटिश सरकारने या व्यासाच्या दारूगोळ्याची हिंदुस्थान व सुदानमधील आयात बंद केली. लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलीही ०.४५० व्यासाच्या होत्या, आणि गोळ्या बंडखोरांच्या हाती पडून त्यांत वापरल्या जातील अशी भीती होती. बंदीचे वर्ष काही लेखक १९०५ देतात, काही १९०७. ०.४६५ इंची पर्यायी काडतूस १९०७ च्या सुमाराचे असल्याने दुसरे वर्ष अधिक जुळते. अर्थात बंदी आधी आणि पर्याय दोन वर्षांनी, असेही घडू शकते. ०.४७० इंची काडतुसाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. ते बंदीमुळेच जन्मले असे सर्रास लिहिले जाते, पण काही सूचींत त्याचे साल १९०० दिलेले आढळते. ते खरे धरल्यास बंदीने त्याला जन्म दिला नाही, केवळ बाजारपेठ मिळवून दिली असे म्हणावे लागेल. ही काडतुसे मुळात हत्ती-गव्यासाठी होती. त्यांची सुमारे ३२ ग्रॅम वजनाची गोळी चितळासाठी अनाठायीच. हरणांसाठी १९१२ चे ०.३७५ इंची काडतूस (गोळी १५ ते १९ ग्रॅम) अधिक समंजस मानले गेले. ०.३०३ हा लष्करी व्यास खाजगी व्यक्तींना सहसा मिळत नसल्याने ०.३१५ इंची रायफल रुळली. स्वातंत्र्यानंतर ती ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनू लागली.

गोळीच्या रचनेत मऊ टोकाची (टोकाशी शिसे उघडे) व पूर्ण कवचाची (शिशावर सर्वत्र कठीण धातूचे आवरण) असे दोन मुख्य प्रकार. हरणाची कातडी पातळ. पूर्ण कवचाची गोळी आरपार निघून जाते, लहान जखम झालेले जनावर दूर पळून रानात मरते. मऊ टोकाची गोळी आत पसरते, म्हणून हरणांसाठी तीच पसंत. पसरणाऱ्या गोळीचा उगम कोलकात्याजवळच्या दमदम शस्त्रागारात १८९० च्या दशकात झाला, अशी समजूत आहे. परंतु पोकळ टोकाच्या ‘एक्स्प्रेस’ गोळ्या शिकारीत त्याआधीच प्रचलित होत्या; दमदमने ती कल्पना लष्करी गोळीला लावली, एवढेच. १८९९ च्या हेग घोषणेने अशा गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या, शिकारीत नव्हे.

कारवीच्या दाट जाळीत जड व संथ गोळी सरळ जाते, हलकी व वेगवान गोळी काटक्यांना लागून भरकटते, हे मत जुन्या शिकाऱ्यांत दृढ होते. चाचण्यांत सर्वच गोळ्या कमीअधिक वळतात असे दिसून आल्याने आता ते फारसे ग्राह्य धरले जात नाही. हवामानाचा मुद्दा मात्र खरा होता. उन्हाळ्यात तापलेल्या कॉर्डाइटचा (काडतुसातील धूरहीन दारूचा) दाब वाढतो, म्हणून उष्ण प्रदेशासाठी कमी भाराची काडतुसे वेगळी मिळत. बारा बोअरच्या (छऱ्यांच्या) बंदुकीची कागदी काडतुसे कोकणातल्या पावसाळी दमटपणात फुगत आणि नळीत बसत नसत. अशा वेळी पितळी काडतुसे बरी.

गावकऱ्यांकडे रायफल क्वचितच असे. ठासणीच्या बंदुकीत आधी दारू, मग चिंधीची डाट, त्यावर छरे किंवा शिशाची एकच गोळी गजाने ठासून घोड्याखाली टोपी बसवत. या बंदुकीचा पल्ला मोजकाच. पारसिक डोंगर व नवी मुंबईकडील शिकारीविषयी फुटकळ उल्लेखच मिळतात.

मुंबई राज्याच्या १९५१ च्या वन्य पशुपक्षी संरक्षण कायद्याने शिकारीवर परवान्याचे नियंत्रण आणले. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने ते आवळले आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच रद्द झाले. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. हा परवाना शस्त्र बाळगण्यापुरता असतो. शेतात शिरलेल्या सांबरावर गोळी झाडण्यास त्याने मुभा मिळत नाही, त्यासाठी वन्यजीव कायद्याखालील सक्षम अधिकाऱ्याचा स्वतंत्र लेखी आदेश लागतो.