नागपूरच्या उकाड्यात घातलेला स्की बूट बर्फात कसा वागतो?

मे महिन्यात नागपुरात खोलीचं तापमान ३८ अंश असताना स्की बूट पायात घातला, नडगी पुढे रेटली आणि तो सहज वाकला, तर त्यावरून काहीच ठरवू नये. जानेवारीत गुलमर्गला उणे १० अंशांत हाच बूट कितीतरी कडक होतो. बुटावर छापलेला कडकपणाचा आकडा तोच असतो, प्लास्टिकही तेच, फरक पडतो तो फक्त तापमानाचा. गुलमर्ग किंवा औलीला स्की शिकून आल्यावर स्वतःचा बूट घ्यायचा विचार करणाऱ्या नागपूरकराची पहिली चूक बहुधा इथेच होते. त्यातही फ्रीराइडचा बूट असेल तर चूक जास्त महागात पडते, कारण या बुटाकडून दोन अगदी उलट कामांची अपेक्षा असते.

फ्रीराइड म्हणजे यंत्राने दाबून सपाट केलेला उतार सोडून ताज्या, भुसभुशीत बर्फातून, कड्याकपारींवरून उड्या घेत खाली येणं. गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळजवळ ४,००० मीटर उंचीवर नेऊन सोडतो. तिथून चांगल्या बर्फापर्यंत अनेकदा स्की खांद्यावर टाकून धारेवरून चालावं लागतं. चालताना घोटा मोकळा हवा आणि उतरताना जखडलेला हवा. नव्या पिढीच्या फ्रीराइड बुटाची सगळी रचना या एका भांडणातून आलेली आहे.

घोटा जखडायचा कशासाठी? स्की वळते ती कडेवर कलली आणि तिच्या टोकावर दाब आला की. हा दाब नडगीतून येतो. नडगीने बुटाच्या वरच्या भागावर, घोट्यापासून २५ सेंटिमीटर उंचीवर, ३० किलोच्या ओझ्याएवढा रेटा दिला, तर घोट्याभोवती सुमारे ७५ न्यूटन-मीटर पीळ तयार होतो. मोटारीच्या चाकाचा नट साधारण १०० न्यूटन-मीटरने आवळतात, म्हणजे हा पीळ त्याच्या पाऊणपट झाला. बूट ढिला असेल तर हा जोर स्कीपर्यंत पोचतच नाही, घोट्यातच जिरतो आणि स्की सरळ निघून जाते.

बूट उलगडून पाहिला की बाहेर प्लास्टिकचं दोन भागांचं कवच दिसतं. पावलाला वेढणारा खालचा भाग म्हणजे शेल आणि नडगीला धरणारा वरचा भाग म्हणजे कफ. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या बोल्टवर कफ शेलशी जोडलेला असतो आणि त्यांच्यावरच पुढेमागे फिरतो. आत मऊ लायनर, त्याच्या खाली तळव्याला आधार देणारा बूट बोर्ड, बाहेर बकलं, सगळ्यांत वर पॉवर स्ट्रॅप नावाचा रुंद पट्टा आणि तळाशी बहुतेक वेळा स्क्रूने बसवलेला, बदलता येणारा सोल.

कवच कशाचं आहे यावर बुटाचा स्वभाव ठरतो. १९६० च्या दशकात चामड्याचे बूट मागे पडून प्लास्टिकचे आले. त्यानंतर पॉलियुरेथेनने दीर्घकाळ राज्य केलं आणि रेसिंगच्या बुटांत ते अजून करतंय. त्याची घनता पाण्यापेक्षा पाचव्या-सहाव्या हिश्शाने जास्त, म्हणून बूट जड होतो. पण हे प्लास्टिक धक्का पिऊन टाकतं. वाकल्यावर झटक्याने परत उसळत नाही, ऊर्जेचा काही भाग उष्णतेत घालवतं. खडबडीत, गोठलेल्या बर्फावर ही शांतता पायाला लगेच जाणवते. चालायचंही आहे अशा बुटांत ग्रिलामिड, म्हणजे पॉलिअमाइड-१२, जास्त दिसतं. त्याची घनता जवळजवळ पाण्याएवढीच असते आणि ते ताठ असल्यामुळे भिंत पातळ ठेवली तरी चालते, त्यामुळे वजन दोन्हीकडून कमी होतं. ते उसळतं मात्र जास्त. खडबडीत बर्फावर बूट थरथरतोय अशी तक्रार ऐकू आली, तर बरेचदा मूळ कारण हे असतं.

आता उकाड्याचा मुद्दा. नागपुरात डिसेंबरच्या पहाटे बाटलीतलं खोबरेल तेल थिजतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. प्लास्टिक तसं एका ठरावीक तापमानाला थिजत नाही. त्याच्या लांब साखळ्यांची हालचाल थंडी वाढेल तशी हळूहळू मंदावते आणि कवच कडक होत जातं. पॉलियुरेथेनमध्ये हा बदल ठळक असतो. पेबॅक्स नावाच्या प्लास्टिकमध्ये तो बराच कमी, म्हणून थंडीत वापरायच्या बुटांच्या जिभेसाठी ते आवडीने घेतात. काळ्या रंगाचा बूट मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात दुपारी मऊ पडतो, त्याचं कारणही हेच.

त्यामुळे फ्लेक्सच्या आकड्यावर फार विसंबू नये. ९०, ११०, १३० हे आकडे बूट पुढे वाकवायला किती कठीण आहे ते सांगतात, पण किलो किंवा मीटरसारखं ते मोजमाप नाही. सर्व कंपन्यांना बांधणारी एकच चाचणी त्यामागे नसते, म्हणून एकीचा १२० दुसरीच्या ११० सारखा असू शकतो. फ्रीराइडचे बूट साधारण ११० ते १३० च्या घरात असतात. ६० किलोच्या, नुकत्याच शिकलेल्या माणसाने १३० घेऊ नये. बर्फात तो बूट वाकणारच नाही, वजन टाचेवर जाईल आणि मांड्या भरून येतील.

पुढे वाकण्याची रीतही महत्त्वाची आहे. नेहमीच्या बुटात शेलच्या दोन पाळ्या पावलावर एकमेकींवर येतात आणि चार बकलांनी आवळल्या जातात. जोराने वाकवला की हा बूट बाजूंनी फुगतो. कॅब्रियो प्रकारात समोर वेगळी जीभ असते आणि बकलं तीन. जीभ पट्टीच्या स्प्रिंगसारखी वाकते, जितकी वाकवाल तितका विरोध वाढतो, एकदम भिंत लागत नाही. उड्या मारणाऱ्यांना हा प्रकार आवडतो, आणि मला तो फ्रीराइडसाठी जास्त सयुक्तिक वाटतो. अचूक वळणांसाठी मात्र पाळ्यांचा बूट सरस आहे.

उडीचं गणित करून पाहू. ७० किलोचा माणूस दोन मीटर उंचीवरून उतरला, तर जमिनीपाशी त्याचा वेग ताशी साडेबावीस किलोमीटर असतो आणि ऊर्जा सुमारे १,३७० जूल. गुडघे वाकून आणि बर्फ दबून मिळून ५० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर त्याच्या वजनाच्या पाचपट सरासरी जोर पायांवर येतो. बूट बोर्डाखालचा रबराचा थर दबून दबून किती दबेल, काही मिलिमीटर. सरासरी जोर त्याने फारसा कमी होत नाही. पहिल्या क्षणी टाचेत जो टोकदार दणका बसतो, तो मात्र बोथट होतो, आणि टाच दुखावते ती त्याच दणक्याने. उतार तीव्र असेल तर जमीन पायाखालून निसटत जाते आणि धक्का आपोआप कमी होतो. म्हणून सपाटीवर उतरणं हे उंच उडीपेक्षाही वाईट.

वजन मागे ठेवून उतरलं तर आणखी एक धोका आहे. कफचा ताठ मागचा भाग पोटरीला मागून ढकलतो, नडगीचं हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकतं आणि गुडघ्यातला एसीएल अस्थिबंध ताणला जातो, कधी तुटतो. बुटाला स्कीवर धरून ठेवणारी पकड म्हणजे बाइंडिंग. नेहमीची बाइंडिंग पंजाला बाजूला पिळणारा आणि टाचेला वर उचलणारा जोर ओळखून बूट सोडते. हा जोर त्या दोन्हींत बसत नाही. यामुळेच फ्रीराइडच्या बुटाचा पुढचा कल रेसिंगच्या बुटापेक्षा थोडा कमी, साधारण १२ ते १४ अंश ठेवतात, म्हणजे माणूस रुंद स्कीवर मधोमध उभा राहतो.

चालण्यासाठी मागच्या बाजूला एक खटका असतो. तो उचलला की कफ सुटतो आणि पुढेमागे ४५ ते ६० अंश हलतो. खाली दाबला की धातूची पट्टी शेलवरच्या खाचेत बसते आणि कफ जखडतो. या खाचेत बर्फ अडकला तर पट्टी अर्धवट बसते, माणसाला वाटतं कुलूप लागलं, आणि पहिल्याच वळणावर कफ मागे सुटतो. उतरण्याआधी खाच स्कीच्या काठीच्या टोकाने साफ करावी, खटका दाबावा आणि नडगीने नव्हे, पोटरीने मागे जोर देऊन पाहावं. घोट्याचे बोल्ट ढिले झाले की जखडलेला कफही थोडा डगडगतो. ॲलन की सोबत असली तर ते तिथल्या तिथे आवळता येतात.

सोलच्या बाबतीत भाड्याच्या स्की घेणाऱ्यांनी विशेष जपावं. जुन्या अल्पाइन, म्हणजे फक्त उतारावर स्की करायच्या, बुटाचा सोल सपाट, कडक प्लास्टिकचा. नव्या बुटांवर बहुतेक ग्रिपवॉक सोल असतो: रबरी, किंचित गोलाई दिलेला, पंजाखाली मात्र एक गुळगुळीत कडक पट्टी. बाइंडिंगच्या घसरपट्टीवर ही पट्टी टेकते, तेव्हाच पडताना पंजा बाजूला निसटतो. फक्त अल्पाइन सोलसाठी बनवलेल्या जुन्या बाइंडिंगमध्ये ग्रिपवॉक बूट बसलेला दिसतो, पण सुटायच्या वेळी सुटेलच याची हमी राहत नाही. पंजाच्या बाजूंना पोलादी खळगे असतील तर बूट पिनांच्या टूरिंग बाइंडिंगलाही, म्हणजे स्की घालून चढ चढायच्या बाइंडिंगलाही, चालतो. टाचेजवळ शेलवर सोलची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, उदाहरणार्थ ३०५. स्की घेताना दुकानदाराला वजन, उंची, वय याबरोबर हा आकडा सांगायचा. नवा बूट घेतला आणि बाइंडिंग जुन्या आकड्यावर राहिली, तर ती फार घट्ट तरी होते किंवा ढिली तरी.

आता माप. इथे घाई केली की बाकीचं सगळं फुकट जातं. स्की बुटाचं माप म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. आपल्या उन्हाळ्यात पाय सुजतात, म्हणून अर्धा तास गार खोलीत बसून मग मोजावं. टाच भिंतीला लावून, दोन्ही पायांवर वजन टाकून, कागदावर सगळ्यांत लांब बोटाची खूण करावी. २६.३ आलं तर २६ आणि २६.५ यांपैकी काहीही घ्या, शेल एकच निघेल, कारण प्रत्येक मापाचा पोलादी साचा फार महाग पडतो आणि म्हणून अर्ध्या मापाला वेगळा शेल बनवत नाहीत. पंजाची रुंदीही पाहावी: ९८ मिलिमीटरचा बूट अरुंद, १०० चा मध्यम, १०२ चा रुंद. आपल्याकडे वर्षभर चप्पल घालणाऱ्यांचे पंजे पसरट झालेले असतात, तेव्हा लांबी वाढवण्याआधी रुंदी वाढवून पाहावी.

दुकानात लायनर बाहेर काढून रिकाम्या शेलमध्ये पाय घालावा. बोटं पुढे टेकवून टाचेमागची फट पाहावी. सराईताला १ ते १.५ सेंटिमीटर, आरामाने जाणाऱ्याला २ पर्यंत. अडीच दिसली की बूट मोठा. मग लायनरसह घालून उभं राहिलं की अंगठा समोर हलकासा टेकतो. यावर घाबरून मोठं माप मागणारे बरेच असतात. गुडघा वाकवला की टाच मागे खोबणीत जाते आणि अंगठा मोकळा होतो. शिवाय काही दिवसांच्या वापराने लायनर दबतो आणि जागा वाढतेच. मोठ्या बुटात उलट टाच उचलली जाते, पाऊल पुढे सरकून नखं काळी पडतात, माणूस बकलं करकचून आवळतो, रक्त अडतं आणि बोटं बधिर होतात. बर्फात पाय गार पडण्यामागे अनेकदा थंडीपेक्षा मोठा बूट असतो. त्यावर दोन मोजे घालणं हा तर आणखी चुकीचा उपाय, कारण त्यांना चुण्या पडतात. गुडघ्याखालपर्यंत येणारा एकच पातळ लोकरी मोजा पुरतो. सुती मोजा घामाने ओला राहतो.

बूट चढवण्याचाही एक क्रम आहे. लायनरची जीभ मधोमध आणून टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटायची, म्हणजे ती मागे बसते. पहिल्यांदा पावलाच्या कमानीवरचं, म्हणजे खालून दुसरं बकल लावायचं, कारण टाच तेच धरून ठेवतं. मग वरची दोन. मग आठ-दहा वेळा गुडघे वाकवायचे, बकलं ढिली झालेली जाणवतील, एकेक घर पुढे घ्यायची. पंजावरचं बकल फक्त बर्फ आत जाऊ नये एवढंच. शेवटी पॉवर स्ट्रॅप. बकलाची कडी फिरवून मिलिमीटरचा फरक करता येतो. एक घर ढिलं आणि पुढचं घट्ट वाटत असेल तर कडी फिरवा, घर बदलू नका. काही नव्या बुटांत पंजावर बकलांऐवजी तार ओढणारी बोआ चकती असते. तिने दाब सगळीकडे सारखा पडतो.

रात्री बूट गाडीत ठेवला तर सकाळी कडक झालेल्या कवचात पाय जात नाही. गुलमर्गच्या खोल्यांत बुखारी, म्हणजे खोली गरम ठेवणारी शेगडी, पेटलेली असते, तिच्या शेजारी ठेवला तर लायनरचा फोम आकसतो. लायनर बाहेर काढून बुखारीपासून चार हात लांब उभा करून वाळवावा.

नागपुरात परतल्यावर खरा शत्रू भेटतो. कपाटात काही वर्षं पडून राहिलेल्या स्पोर्ट्स शूजचा सोल एक दिवस अचानक भुसा होऊन गळतो, हे अनेक घरांत झालेलं आहे. हवेतला ओलावा पॉलियुरेथेनच्या साखळ्या तोडतो आणि उष्णता त्याचा वेग वाढवते. नागपुरात उन्हाळ्यातली ४५ अंशांची दुपार आणि त्यापाठोपाठचा पावसाळा, दोन्ही मिळतात. वर कूलरची खोली म्हणजे उन्हाळ्यातही ओली हवा. बूट टिनाच्या छताखाली, गच्चीवरच्या खोलीत किंवा कूलरच्या झोतात ठेवू नये. पूर्ण वाळवून, बकलं पहिल्या घरात हलकी लावून, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून खालच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवावा. बकलं उघडी राहिली तर शेल पसरून तोच आकार धरतो. दहा वर्षांचा, कुणाकडून मिळालेला बूट असेल तर बकलांच्या रिव्हेटभोवती आणि घोट्याच्या बोल्टाजवळ टॉर्च लावून पाहावं. तिथे केसाएवढी जरी चीर दिसली, तरी तो बूट उतारावर नेऊ नये. थंडीत, पहिल्याच जोरकस वळणावर, शेल तिथून फुटतो.