इलेक्ट्रॉनचा स्पिन आधी दिसला, कळला नंतर

पुस्तकातल्या तक्त्यात इलेक्ट्रॉनपुढे वस्तुमान, चार्ज, स्पिन (इलेक्ट्रॉनला छोट्या चुंबकासारखं वागायला लावणारा गुण) असं एका ओळीत छापलेलं असतं, त्यामुळे वाटतं की हे सगळं एकदमच कळलं असेल. तसं अजिबात नाहीये, या ओळीमागे 28 वर्षं आहेत.

1897 ला केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसनने कॅथोड किरण, म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत, किती वळतात ते मोजलं, पण हाती आलं फक्त चार्ज आणि वस्तुमानाचं गुणोत्तर. ते दोन्ही सुटे करायला शिकागोत मिलिकनने तेलाचे बारीक थेंब विजेच्या जोरावर दोन प्लेटांमध्ये अधांतरी धरले आणि एकेका थेंबावर नजर लावून बसला. चार्ज दरवेळी एकाच आकड्याच्या पटीत यायचा. तो आकडा मिळाल्यावर वस्तुमानही निघालं, प्रोटॉनच्या साधारण 1836 वा भाग.

स्पिनची गोष्ट मात्र मला सगळ्यात आवडते. 1922, फ्रँकफर्ट. स्टर्न आणि गेरलाख भट्टीत चांदी तापवून तिच्या अणूंची बारीक धार चुंबकातून काचेवर सोडत होते. स्टर्नने नंतर सांगितलेली आठवण अशी की आधी काचेवर काहीच दिसेना, मग तो काच तोंडाजवळ धरून बघत असताना हळूहळू काळी खूण उमटली, कारण तो स्वस्तातले सिगार ओढायचा आणि त्यातलं गंधक श्वासावाटे चांदीला लागलं! चुंबक चालू केल्यावर एक पसरट डाग पडेल असं जुनं गणित सांगत होतं, पण धार सरळ दोन भागांत फुटली. अंतर जेमतेम 0.2 मिलिमीटर. गेरलाखने त्याचा फोटो पोस्टकार्डावर भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरला पाठवला, इलेक्ट्रॉनच्या कक्षेतल्या फिरण्यावरचा तुमचा सिद्धांत खरा ठरला म्हणून अभिनंदन केलं. म्हणजे आपण नक्की काय पकडलंय हे त्यांनाही कळलं नव्हतं.

स्पिनची कल्पना 1925 ला लायडनच्या उहलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन तरुणांनी मांडली. इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा फिरत असेल तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशापेक्षा जास्त येतो, असं ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ लोरेंट्झने दाखवल्यावर घाबरून ते लेख मागे घ्यायला निघाले, पण त्यांचे गुरू एरनफेस्ट यांनी तो आधीच पाठवून दिला होता. लोरेंट्झचं गणित बरोबरच होतं, तो भोवऱ्यासारखा फिरत नाहीच, स्पिन हा त्याचा जन्मजात गुण आहे.

आणि 1927 ला लक्षात आलं की चांदीच्या अणूत कक्षेतल्या फिरण्याचा वाटा शून्य असतो, म्हणजे फ्रँकफर्टच्या काचेवरची ती फूट मुळात स्पिनचीच होती.